कोडला लायसन्स आहे, वेळेला कुठे आहे?



सध्या आपल्या हॉस्टेलवर ओपन सोर्सचं वारं जोरात आहे. फर्स्ट इयरला सी मधले पॉइंटर धड कळायच्या आत मुलं गिटहबवर खातं उघडतात, सेकंड इयरला 'समर ऑफ कोड'च्या गप्पा सुरू होतात आणि थर्ड इयर संपता संपता प्लेसमेंटच्या धास्तीने प्रोफाइलवरचे हिरवे चौकोन मोजले जातात. यात वाईट काहीच नाही. एकमेकांच्या जर्नल्स उतरवून काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. जगभरातले लोक वापरतात अशा सॉफ्टवेअरमध्ये आपली चार ओळींची का होईना भर पडते, याचा आनंद मी स्वतः घेतला आहे, आजही घेतो आहे. पण या सगळ्या धामधुमीत एक साधा प्रश्न कोणीच विचारत नाही. हे काम करायचं ते कोणाच्या वेळात आणि कोणाच्या पैशावर?

हा प्रश्न काढला की कोणीतरी लगेच म्हणतो, "काय राव, ओपन सोर्स म्हणजे सेवा! त्यात पैशाचा हिशोब कसला?" माझं म्हणणं असं की हिशोब न करणं हेच या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं दुखणं आहे. कोड कोणी, कसा, कोणत्या अटींवर वापरायचा हे आपण लायसन्समध्ये लिहून ठेवतो. पण तो कोड सांभाळणाऱ्या माणसाचा वेळ कोणी, किती आणि कोणत्या अटींवर वापरायचा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते ज्याचं त्याने लिहून ठेवायला हवं, आणि तेही कॉलेजात असतानाच. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे.

सुरुवात 'फ्री' या शब्दापासून करू. इंग्रजीत या एका शब्दाने भलताच घोळ घातला आहे. आपल्याकडे सुदैवाने दोन वेगळे शब्द आहेत, मुक्त आणि फुकट. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीतली नोकरी सोडली. आता पोट कसं भरायचं? तर त्यांनी आपल्या ईमॅक्स एडिटरच्या टेप दीडशे डॉलरला एक या भावाने विकल्या. ज्याला नेटवरून उतरवून घेता येईल त्याने खुशाल घ्यावं, ज्याला घरपोच टेप हवी त्याने पैसे मोजावेत. या चळवळीच्या संस्थापकालाच पैसे घेण्यात पाप वाटलं नाही, मग आपल्याला का वाटावं?

दुसरी गोष्ट लिनस टॉरवाल्ड्स यांची. ती तर आपल्या प्रत्येक टेक्निकल फेस्टच्या उद्घाटनात ऐकायला मिळते. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने जाहीर केलं, की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, आपला छंद म्हणून, फार मोठं काही होणार नाही. टाळ्या! पण गोष्टीचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. ज्या ३८६ संगणकावर त्यांनी हे काम केलं तो हप्त्यावर घेतलेला होता, आणि उरलेले हप्ते फेडण्यासाठी लिनक्स वापरणाऱ्यांनी चक्क नेटवरून वर्गणी काढली होती. १९९७ मध्ये त्यांनी अमेरिकेत ट्रान्समेटा नावाच्या कंपनीत नोकरी धरली. पुढे जी संस्था लिनक्स फाउंडेशन झाली, तिच्याकडे ते २००३ मध्ये गेले आणि आजही त्यांचा पगार तिथूनच येतो. इतकंच नाही, आज लिनक्सच्या कर्नलमध्ये जो कोड येतो त्यातला बहुतांश कोड वेगवेगळ्या कंपन्यांच्या पगारी इंजिनियरांनी लिहिलेला असतो. म्हणजे छंदातून सुरू झालेली गोष्ट टिकली, कारण कोणीतरी वेळेवर तिच्या जेवणाखाण्याची सोय केली. आपण मात्र १९९१ पर्यंतचीच गोष्ट सांगतो आणि पोरांना सांगतो, व्हा लिनस!

आता आपल्याकडे बघा. हॉस्टेलवर असताना आपला वेळ आपल्याला फुकट वाटतो. रात्री दोनला एखाद्याचा बग सोडवला तरी सकाळी कोणाला जाब द्यायचा नसतो, फार तर पहिलं लेक्चर बुडतं. पण मेसचं बिल कोण भरतं? हॉस्टेलची फी, लॅपटॉप, मोबाइलचा रिचार्ज? कोणाचे वडील शिक्षक आहेत, कोणाचे एसटीत कंडक्टर, कोणाच्या घरी चार एकर कोरडवाहू शेती. माझं शिक्षण बँकेच्या कर्जावर चाललंय आणि वडील त्याला जामीन आहेत. तेव्हा आपण जगाला जो वेळ 'दान' करतो, त्याचा खर्च घरच्यांनी आधीच उचललेला असतो. हे मी कोणाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. घरच्यांनी दिलेला हा वेळ चांगल्या कामाला लावणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण ही सवलत चार वर्षांची आहे, हे लक्षात ठेवायला हवं. कर्जाचा पहिला हप्ता सुरू झाला की ती संपते. प्रकल्प मात्र तिथेच असतो आणि त्याचे वापरणारे वाढलेले असतात.

आमच्या डिपार्टमेंटचा एक सीनियर गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्याला आला होता. कॉलेजात असताना त्याने एक छोटं टूल लिहिलं होतं, ते बऱ्यापैकी चाललं. आता तो हिंजवडीला नोकरी करतो, रोज येता-जाता मिळून तीन तास ट्रॅफिकमध्ये जातात, लग्न झालंय, मुलगी सात महिन्यांची आहे. मी विचारलं, "दादा, अजून वेळ देता का त्याला?" तो म्हणाला, "कॉलेजात वेळ देत होतो. आता झोप देतो." आणि पुढे म्हणाला, "बायको म्हणते, पैसे मिळत असते तर निदान ओव्हरटाइम म्हणून समजून घेतलं असतं!" आम्ही सगळे हसलो. तोही हसला, पण त्याचे डोळे हसणाऱ्या माणसाचे नव्हते.

माझा स्वतःचा अनुभव याहून खूप लहान आहे, पण मुद्दा समजायला पुरेसा आहे. मी एक छोटी लायब्ररी सांभाळतो. आकड्यातली रक्कम मराठी अक्षरात लिहून देणं, एवढंच तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याचं रूप वेगळं. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद म्हणत आपण नियम बसवत जातो आणि नव्व्याण्णवला तो नियमच मोडतो! त्यामुळे सगळी रूपं हाताने लिहावी लागली. पावत्या, व्हाउचर छापणाऱ्या काही लोकांना ती उपयोगी पडते.

तर यंदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आमची इंटर्नल्स चालू असताना, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीतून मेल आला. शंभर कोटींच्या वरची रक्कम 'एक अब्ज' अशी छापली जाते, ताळेबंदात 'शंभर कोटी' असं हवं, मार्च एंडच्या आत करून द्या. विनंती नव्हे, 'करून द्या'! मी उत्तर दिलं, की परीक्षा चालू आहे, मी या कामाला फक्त रविवारी सकाळी दोन तास देतो, तसं लायब्ररीच्या माहितीत पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे, तुम्हाला घाई असेल तर कोड उघडाच आहे, बदल करून घ्या आणि मलाही पाठवा. त्यावर त्यांचा एका ओळीचा मेल आला, "मग पब्लिकमध्ये टाकलंच कशाला?"

राग आला, पण नंतर वाटलं, प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला हवं.

पब्लिकमध्ये टाकलं ते इतरांना उपयोग व्हावा म्हणून. आणि त्याच्या अटी त्याच दिवशी लिहून ठेवल्या होत्या. तुम्ही कोणतंही ओपन सोर्स लायसन्स उघडून बघा, मग ते लांबलचक जीपीएल असो नाही तर पानभरसुद्धा नसलेलं एमआयटी. त्यात मोठ्या अक्षरात एक परिच्छेद असतो, जो आपल्यापैकी शंभरातले नव्व्याण्णव जण वाचत नाहीत. त्याचा सारांश असा : हे सॉफ्टवेअर आहे तसं दिलं आहे, कसलीही हमी नाही. म्हणजे देणाऱ्याने दिलं तिथे त्याचं कायदेशीर देणं संपलं. पुढचं सगळं, बग सोडवणं, शंका निरसन, नवीन सोयी, ही त्याची खुशी. खुशी आणि कर्तव्य यांच्यामधली ही रेषा लायसन्समध्ये स्पष्ट आहे, व्यवहारात मात्र ती रोज पुसली जाते. आणि पुसणारे फक्त वापरणारेच नसतात. देणारा स्वतःच ती आधी पुसतो, कारण 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही.

कोणी म्हणेल, एखाद्या पोराची झोप मोडली तर एवढं काय बिघडलं? बिघडतं, आणि ते फक्त त्या पोराचं नाही. तीन उदाहरणं देतो.

एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघड झाला. बँका, मेल, खरेदी, अर्ध्या जगाचे पासवर्ड ज्या कुलपाच्या भरवशावर होते ते कुलूप सैल निघालं. मग लोकांनी चौकशी केली, की हे कुलूप बनवतं कोण? तर पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस, सोबत थोडे स्वयंसेवक, आणि वर्षाला देणग्या जेमतेम दोन हजार डॉलर! ती सदोष ओळ प्रकल्पात दाखल झाली होती ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री. लिहिणाऱ्याच्या नजरेतून ती चूक सुटली आणि तपासणाऱ्याच्याही. त्या दोघांना मी दोष देणार नाही. दोष द्यायचा तर अब्जावधींचा धंदा त्या कोडवर करणाऱ्या आणि तपासणीसाठी तिसरा माणूस नेमायला एक डॉलरही न देणाऱ्यांना द्यायला हवा. बोंबाबोंब झाल्यावर त्याच महिन्यात मोठ्या कंपन्या लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जमल्या आणि पैसे निघाले. म्हणजे पैसे होते, फक्त मागणारं कोणी नव्हतं.

दुसरं उदाहरण जर्मनीतल्या वर्नर कोख यांचं. १९९७ पासून ते जीएनयूपीजी हे मेल सांकेतिक करण्याचं सॉफ्टवेअर सांभाळत आले. पत्रकारांपासून सरकारी नोकरांपर्यंत अनेकांची गुपितं त्यावर सुरक्षित राहिली. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका बातमीतून कळलं, की २००१ पासून त्यांची या कामातली कमाई वर्षाला सरासरी २५ हजार डॉलरच्या आसपास होती, घरी बायको आणि लहान मुलगी, आणि मधे एकदा तर सगळं सोडून सरळ नोकरी धरायच्या विचारापर्यंत ते आले होते. बातमी आल्यावर देणग्यांचा पाऊस पडला. फेसबुक आणि स्ट्राइप या कंपन्यांनी वर्षाला प्रत्येकी ५० हजार डॉलर द्यायचं जाहीर केलं. प्रश्न असा आहे, की ज्यांच्याबद्दल बातमी येत नाही त्यांचं काय?

तिसरं उदाहरण आपल्या पिढीसमोर घडलेलं. फाइल लहान करणारं एक्सझेड नावाचं सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते वर्षानुवर्षं एकच गृहस्थ फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळत होते. २०२२ मध्ये त्यांच्यावर मेलचा मारा सुरू झाला. काम हळू चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या! त्यांनी कळवलं की प्रकृती बरी नसते, आणि हा बिनपैशाचा छंद आहे. त्याच सुमारास 'जिया तान' या नावाने कोणीतरी मदतीला आलं, गोड बोललं, चांगलं काम केलं, विश्वास मिळवला आणि पुढे २०२४ मध्ये त्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट घातली. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला आणि जग थोडक्यात वाचलं. त्या चोराला कोणतंही कुलूप फोडावं लागलं नाही. एक थकलेला, एकटा माणूस शोधला की झालं. म्हणून म्हणतो, सांभाळणाऱ्याची झोप हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

आता एक घरचंच उदाहरण. आपल्या हॉस्टेलचा गणपती. दहा दिवस आपण अभ्यास बाजूला ठेवून राबतो. मांडव, आरास, आरतीचं ताट, रात्रीची जागरणं. कोणी पैसे मागत नाही, मागायचंही नसतं. पण नीट बघा, तिथे सगळी व्यवस्था असते. वर्गणीचं पावतीपुस्तक असतं. खजिनदार असतो आणि हिशोब नोटीस बोर्डावर लागतो. कामाच्या पाळ्या लागतात. पुढच्या वर्षीचा अध्यक्ष थर्ड इयरमधून आधीच ठरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विसर्जन असतं! अकराव्या दिवशी प्रत्येक जण मोकळा. सेवा मनापासून होते कारण तिला शेवट आहे आणि ओझं वाटून घेतलेलं आहे. ओपन सोर्सच्या प्रकल्पाला ना पावतीपुस्तक, ना पाळ्या, ना विसर्जन. वर्षभर एकाच पोराने आरती म्हणायची, आणि चुकली तर ऐकूनही घ्यायचं. कसं चालेल?

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, "आवड असेल तर सवड मिळतेच." म्हण छान आहे. पण सवड आणि झोप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ल हे सॉफ्टवेअर आपल्या मोबाइलपासून गाड्यांपर्यंत सगळीकडे असतं. ते लिहिणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ पासून पुढची वीसेक वर्षं नोकरी आणि संसार सांभाळून मुख्यतः फावल्या वेळात ते वाढवलं. नोकरीवर लाथ मारून ते काही हिमालयात गेले नाहीत. २०१९ पासून ते एका कंपनीत पगार घेऊन पूर्णवेळ कर्लचंच काम करतात. आवड त्यांच्याइतकी कोणाला आहे? पण ती टिकली कारण चूल वेगळ्या पैशावर पेटत होती, आणि संधी आल्यावर त्याच आवडीचे पैसे घ्यायला त्यांनी संकोच केला नाही.

दुसरा आक्षेप, "पैसा आला की सेवेचा आत्मा जातो." मला हा आक्षेप समजतो, कारण पैशाने बिघडलेली कामंही आपण बघतो. पण साध्या बक्षिसानेही कामं बिघडतात. हॅक्टोबरफेस्टमध्ये काही योगदानं दिली की टी-शर्ट मिळायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या टी-शर्टसाठी जगभरातून, आणि सांगायला वाईट वाटतं, आपल्या देशातूनही, निरर्थक बदलांचा असा पूर आला की संयोजकांना महिना सुरू होताच नियम बदलावे लागले. 'रीडमी'मध्ये एक विशेषण घुसडायचं आणि पाठवून द्यायचं! प्रत्येक असा बदल वाचून नाकारायला पलीकडे एक माणूस बसलेला असतो, त्याच्याही घरी जेवण थंड होत असतं. आता तर एआयकडून लिहून घेतलेले पोकळ बग-रिपोर्ट पाठवायची नवी साथ आली आहे. तेव्हा बिघडवतो तो पैसा नव्हे, फुकट श्रेय मिळवायची घाई बिघडवते. हिरव्या चौकोनांसाठी दुसऱ्याचा वेळ जाळणं ही सेवा नाही.

मराठीचंही थोडं सांगायला हवं. आज लिनक्सवर मराठी नीट दिसते त्यामागे अनेकांचे श्रम आहेत. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले 'लोहित' फॉन्ट, पुण्यात बसून पगारावर मराठीकरण करणारे इंजिनियर, आणि त्यांच्या जोडीला रात्री जागून शब्द सुचवणारे स्वयंसेवक. पण एखाद्या सॉफ्टवेअरचा मराठी मेनू उघडा. अर्धे शब्द मराठीत, अर्धे इंग्रजीत. ते बघून आपण नाक मुरडतो. मला मात्र तिथे एक माणूस दिसतो. त्याची नोकरी बदलली असेल, नाहीतर बाळ झालं असेल, नाहीतर आई आजारी असेल. तो थांबला आणि त्याच्या जागी कोणीच आलं नाही. भाषेचं काम एकट्यादुकट्याच्या उत्साहावर सोडलं की असं अर्ध्यात थांबतं.

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगतो.

एक, वेळ ठरवा आणि जाहीर करा. आठवड्याला दोन तास तर दोन तास, पण ते रीडमीच्या पहिल्या स्क्रीनवर लिहा. परीक्षेचे महिने बंद असतील तर तेही लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, दवाखान्याच्या पाटीवरसुद्धा वेळ लिहिलेली असते.

दोन, दुसरा माणूस लवकर तयार करा, पण ओळखून. व्हिम उघडल्यावर युगांडातल्या मुलांना मदत करा अशी ओळ दिसते ना, ती लिहिणारे ब्रॅम मोलेनार ३ ऑगस्ट २०२३ रोजी वारले. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी व्हिम सांभाळलं होतं. मागे कामात मुरलेले सहकारी होते म्हणून व्हिम आजही चालू आहे. तुमच्या प्रकल्पाच्या किल्ल्या तुमच्याशिवाय कोणाकडे आहेत? ज्युनियरला शिकवा, सहा महिने त्याचं काम बघा, मग किल्ली द्या. आणि घेणारं कोणीच नसेल तर 'हा प्रकल्प आता सांभाळला जात नाही' अशी पाटी लावून सन्मानाने विसर्जन करा. गुपचूप गायब होऊ नका.

तीन, पैसे मागायला शिका. गिटहबवर प्रायोजक घ्यायची सोय २०१९ पासून आहे. बंगळूरच्या झिरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला, त्यासाठी प्रकल्पाला किती पैसे कशासाठी हवेत याची एक छोटी फाइल आपल्या कोडशेजारी ठेवायची असते. आपल्या छोट्या टूलला तिथून पैसे मिळतील असं मी म्हणत नाही. पण 'मला किती लागतात' हा आकडा कागदावर मांडण्याची सवय तरी लागेल. कंपनीने घाईचं काम सांगितलं तर सरळ दर सांगा. त्या पतसंस्थावाल्या कंपनीला मी नंतर तेच कळवलं. उत्तर आलं नाही, पण एप्रिलमध्ये त्यांच्याच एका इंजिनियरने 'शंभर कोटी'चा बदल स्वतः करून पाठवला, आणि तो चांगला होता. रविवारी घेतला.

चार, नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचा. काही करारांत असं कलम असतं, की नोकरीच्या काळात तुम्ही लिहिलेला सगळा कोड कंपनीचा, मग तो घरी रविवारी लिहिला का असेना. तुमचा प्रकल्प आधीपासूनचा आहे हे एचआरकडून लेखी मान्य करून घ्या. ऑफर लेटरच्या आनंदात हे राहून जातं.

पाच, वापरणारे म्हणूनही नीट वागा. बग कळवताना कृपया म्हणा, आधी शोधा, पुन्हा घडवून दाखवा, आणि जमलं तर दुरुस्तीच पाठवा. आणि कधीतरी नुसतं 'चालतंय, धन्यवाद' असंही कळवा. असे मेल किती कमी येतात हे ज्याचा त्यालाच ठाऊक.

आता थोडं सर आणि मॅडम यांच्यासाठी. दरवर्षी आपल्या डिपार्टमेंटमध्ये फायनल इयरला पाच-सहा 'हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम' आणि तितक्याच 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' तयार होतात. ओरल झाली की त्या सीडीसकट कपाटात जायच्या, आता पेन ड्राइव्हसकट जातात. त्याऐवजी एखाद्या चालू प्रकल्पात वर्षभर केलेलं काम फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून धरता येणार नाही का? टर्मवर्कचे काही मार्क त्याला देता येणार नाहीत का? तसं झालं तर मुलांना हे काम रात्री दोनला करावं लागणार नाही, दुपारी तीनला लॅबमध्ये, गाइडच्या देखरेखीखाली करता येईल. दरवर्षीची बॅच आपला प्रकल्प पुढच्या बॅचकडे सोपवेल, म्हणजे वारसाचा प्रश्नही सुटेल. कॉलेजातल्या प्रत्येक लॅबमध्ये लिनक्स, पायथन, व्हिम आपण फुकट वापरतो. त्याची थोडी परतफेड कॉलेजच्या वेळात व्हायला काय हरकत आहे?

शेवटी एवढंच, की हे काम सोडा असं मी कोणालाही सांगत नाही. उलट मला वाटतं तुम्ही हे काम पंचविशीत करावं, पस्तिशीत करावं आणि निवृत्त झाल्यावरही करावं. पण त्यासाठी पस्तिशीपर्यंत पोचायला हवं, घर, हप्ते, माणसं आणि पाठीचा कणा शाबूत ठेवून. मैदानावर पहिल्याच ओव्हरमध्ये जीव तोडून धावणारा दिवसभर खेळत नाही. तेव्हा आज रात्री मेसमधून आलात की पुढचा कमिट करायच्या आधी आपली रीडमी उघडा. लायसन्सची ओळ तिथे असेलच. तिच्याखाली आपल्या वेळेची एक ओळ लिहा. आणि मग निवांत झोपा, बग उद्याही तिथेच असेल!

– बी. ई. (संगणक)